सांबराची गोळी कोणी ठरविली?

शिकारीचे काडतूस जनावराच्या अंगलटीवरून निवडावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. कर्जत-खालापूरच्या रानांत त्या दृष्टीने मोठे जनावर सांबर. परंतु त्याची गोळी ठरविली ती सत्तेच्या भयाने. १८५७च्या उठावाची आठवण बाळगणाऱ्या सरकारने १८७८च्या कायद्याने शस्त्रांवर परवाना लादला. पुढे १९०७च्या सुमारास .४५० व्यासाच्या खाजगी रायफलींवर बंदी आली. त्यांच्या गोळ्या मार्टिनी-हेन्री या लष्करी बंदुकीत वापरल्या जातील, ही धास्ती. त्यामुळे विलायती कारखानदारांनी .४७०सारखी नवी काडतुसे काढली. लष्कराचे .३०३ही खाजगी वापरास वर्ज्य ठरल्याने .३१५ रूढ झाले. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्याने शिकारीसाठी तीच रायफल बनविली. राज्यकर्ते बदलले, संशय तसाच राहिला.

या इतिहासात कातकरी कुठेच नाही. परवाना आणि काडतूस दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेरची. त्याच्या हाती गलोल आणि फासे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र दोघांनाही एकाच मापाने मोजले. वन्यप्राण्यांसाठी तो कायदा आवश्यकच होता. पण त्याने परवानाधारकाचा छंद गेला, कातकऱ्याच्या तोंडचा घास गेला.