अस्सल, प्रमाण आणि मूळ

इंग्रजींतला ‘ऑथेंटिक’ हा शब्द इतका सहज वापरला जातो कीं, त्याच्या पोटांत किती निरनिराळे अर्थ नांदत आहेत याची वापरणाराला जाणीवही नसते. मराठींत भाषांतर करूं लागलें म्हणजे मात्र ती करून घ्यावी लागते. दस्तऐवज ‘अस्सल’ असतो, ग्रंथ ‘प्रमाण’ असतो, पाठ ‘मूळ’ असतो आणि वृत्तांत ‘विश्वसनीय’ असतो. इंग्रज गृहस्थ या चारही ठिकाणीं एकच शब्द वापरून मोकळा होईल. या शब्दाचा उगम ग्रीक. ज्यानें कृत्य स्वतःच्या हातानें व स्वतःच्या अधिकारानें केलें तो ‘ऑथेंटीस’. मग तें कृत्य राज्य करण्याचें असो वा खुनाचें! तुर्कांचा ‘एफेंडी’ हा मानाचा शब्दही त्याच घराण्यांतला. आपला ‘अस्सल’ अरबींतून आला. त्याचा धात्वर्थच ‘मूळ’. दप्तरांत त्याची जोडी सदैव ‘नकले’शीं. ‘प्रमाण’ संस्कृत, मापण्यावरून आलेला. म्हणजे एक शब्द हात पाहतो, दुसरा मूळ शोधतो आणि तिसरा माप लावतो.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. आमच्या जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, प्रवरेच्या कांठीं नेवासें आहे. येथेंच शके १२१२ मध्यें ज्ञानदेवांनीं भगवद्गीतेवर टीका सांगितली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली, असें परंपरा सांगते. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो ‘पैसाचा खांब’ आजही भाविक पाहतात. खांब जुना आहे यांत संशय नाहीं. पण त्यावरील संस्कृत लेखांत ज्ञानदेवांचें नांव नाहीं. करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठीं दिलेल्या दानाची ती नोंद आहे. खांब अस्सल, त्याची कथा श्रद्धेनें प्रमाण.

ग्रंथाची गोष्ट याहून बिकट. सच्चिदानंदबाबांच्या हातची पोथी उरलेली नाहीं. म्हणजे ग्रीक अर्थानें ‘ऑथेंटिक’ ज्ञानेश्वरी कोणीच पाहिलेली नाहीं. जवळजवळ तीन शतकांनंतर, शके १५०६ मध्यें, पैठणच्या एकनाथांनीं पाठभेदांनीं बिघडलेला ग्रंथ शुद्ध केला, आणि यापुढें जो त्यांत आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटांत नरोटी ठेवील, असें बजावलें. पदरची ओवी घालण्याची खोड तेव्हां चांगलीच माजली असावी. उगीच कोणी इतकें कठोर बोलत नाहीं. मात्र कोणत्या प्रती पाहिल्या, कोणता पाठ टाकला, याची नोंद नाथांनीं ठेवली नाहीं. वारकऱ्यांच्या मुखीं असलेली ज्ञानेश्वरी ती हीच.

पुढें १९०९ सालीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं बीडकडील एका पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ही प्रत नाथपूर्व आहे असा त्यांचा दावा होता. तिच्यांतलीं रूपें जुनीं, रांगडीं; त्यांवरून त्यांनीं ज्ञानेश्वरीच्या भाषेचें व्याकरणही रचलें. पण ती पोथी पुढें अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाहीं, आणि तिच्या प्राचीनत्वाविषयीं शंका निघाल्या. अस्सल कागदासाठीं ज्यानें गांवोगांव पायपीट केली, त्याच्याच हातची सर्वांत मोलाची पोथी आज नकलेवरून ओळखावी लागते. याची हळहळ मला अजून वाटते.

मीं स्वतः अनेक वर्षें वर्गांत ठासून सांगितलें कीं, राजवाड्यांची तेवढी खरी, बाकीच्या ‘सुधारलेल्या’. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, माझी आजी जी रोज वाचते ती मग खोटी का?” मला उत्तर सुचलें नाहीं. घरीं येऊन दोन्ही प्रती पुन्हां शेजारीं मांडल्या, तेव्हां माझी चूक ध्यानांत आली. मीं ‘मूळ’ आणि ‘प्रमाण’ यांची सरमिसळ केली होती. जुनें रूप हें मुळाच्या जवळ असूं शकतें. पण चार शतकें ज्यावर निरूपण झालें, कीर्तन झालें, तो पाठ जुन्या रूपाच्या बळावर रद्द होत नाहीं. उलट, नाथांची प्रत प्रमाण म्हणून तीच मूळ, असें म्हणणारेही तितकेच चुकतात.

आतां दोन्ही प्रती वर्गांत नेतों. भाषेच्या इतिहासासाठीं एक, ग्रंथाच्या इतिहासासाठीं दुसरी. त्यांतली ‘ऑथेंटिक’ कोणती, असें कोणी विचारलें तर तो शब्द प्रथम मराठींत सांगावयास लावतों.