पोटातला अंधार आणि दोन रंगांचा उजेड

आजची गोष्ट जपानची. महायुद्ध संपलेलं, आणि तिथे कॅन्सरने जाणाऱ्यांमध्ये पोटाच्या कॅन्सरचे रुग्ण सगळ्यात जास्त. आजार कळायचा तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असायचा.

टोकियोतले तरुण सर्जन उजी तात्सुरो यांनी ऑलिंपसच्या इंजिनिअरांना विचारलं, पोटाच्या आतून फोटो काढता येईल का? १९५० मध्ये सुगिउरा मुत्सुओ आणि सहकाऱ्यांनी गॅस्ट्रोकॅमेरा बनवला. नळीच्या टोकाला चिमुकली लेन्स, बल्ब आणि फिल्म. गंमत म्हणजे फोटो काढताना डॉक्टरला आतलं काहीच दिसायचं नाही! खोलीत अंधार करायचा, पोटाच्या कातडीतून बल्बचा उजेड झिरपतो तो बघायचा आणि कॅमेरा कुठे पोचलाय याचा अंदाज बांधायचा. फिल्म धुतल्यावर कळणार काय मिळालं ते.

पुढे फायबरस्कोप आला, थेट बघता येऊ लागलं. १९६२ मध्ये जपानी डॉक्टरांनी 'सुरुवातीचा कॅन्सर' म्हणजे काय तेही ठरवलं: पोटाचं आतलं अस्तर आणि त्याखालचा थर, एवढ्यातच असलेला. पण हा कॅन्सर दिसतो कसा? जरासा लालसर डाग, किंचित खोलगट. साध्या सुजेसारखाच.

इथे मला आवडलेली आयडिया येते. उजेड वाढवला नाही, उलट कमी केला! नॅरो बँड इमेजिंगमध्ये साधारण ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाशच ठेवतात. हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, म्हणून बारीक रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. त्यात ऐंशीएक पट मोठं दाखवणारी लेन्स.

पण दिसलेलं वाचायचं कसं? फुकुओकाचे डॉक्टर याओ केन्शी यांनी त्याची पद्धत बसवली. तिच्या आधारावर २०१६ मध्ये जपानी संस्थांनी जो अल्गोरिदम मांडला तो चक्क इफ-एल्स आहे, राव! डाग आणि आजूबाजूचा भाग यांत स्पष्ट सीमारेषा आहे का? नसेल, तर कॅन्सर नाही असं धरायचं. असेल, तर आतल्या रक्तवाहिन्या किंवा पृष्ठभागाची नक्षी वेडीवाकडी आहे का? असेल, तर कॅन्सर.

ही रेषा फक्त निदानापुरती नाही बरं का. एंडोस्कोपीतूनच गाठ सोलून काढायची तर कुठे कापायचं ते हीच सांगते, आणि पेशंटचं पोट शाबूत राहतं.

बग आहेच. काही कॅन्सर चांगल्या अस्तराच्या खालून पसरतात, तिथे रेषा फसवते. म्हणून अशा वेळी आजूबाजूच्या निरोगी दिसणाऱ्या भागाचेही तुकडे घेऊन तपासतात.