मेंदूच्या अंगच्या उजेडाचा इतिहास

मेंदूच्या ऊतींवर अतिनील प्रकाश टाकला, की कोणताही रंग न लावताही त्या मंद निळसर उजळतात. या गुणधर्माला नैसर्गिक प्रतिदीप्ती म्हणतात, आणि तिचा प्रमुख उगम एनएडीएच हा सहविकर, म्हणजे अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन पेशीच्या श्वसनयंत्रणेपर्यंत पोचवणारा रेणू, हा आहे. तो 340 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो, हे जर्मनीत ओटो वारबुर्ग यांनी 1930 च्या दशकात दाखवले. इलेक्ट्रॉन देऊन रिता झालेला रेणू मात्र तो प्रकाश शोषत नाही आणि उजळतही नाही. पुढचे सारे संशोधन या एका फरकावर उभे राहिले.

फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ब्रिटन चान्स आणि फ्रान्स योब्सिस आदी सहकाऱ्यांनी 1962 मध्ये भूल दिलेल्या उंदराच्या उघड्या मेंदूवर हा उजेड मोजला. हवेऐवजी नायट्रोजन दिला, की प्राणवायूअभावी इलेक्ट्रॉनांची वाट अडे, भरलेले रेणू साचत आणि चमक वाढे. पुन्हा हवा मिळताच ती ओसरे. मेंदूचा तुकडा न काढता त्याचे गुदमरणे असे डोळ्यांदेखत नोंदले गेले, ही असामान्य गोष्ट होती.

खरी अडचण रक्ताची होती. हीमोग्लोबिन आत जाणारा आणि बाहेर येणारा असा दोन्ही प्रकाश गिळते, त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावल्या, की चयापचय तसाच असूनही चमक घटल्यासारखी दिसते. म्हणून योब्सिस आणि इतरांनी परावर्तित प्रकाश त्याच वेळी मोजून त्यातील बदल प्रतिदीप्तीतून वजा केला. दोन्ही प्रकाशांवर रक्ताचा परिणाम सारखाच होतो, हे यातले गृहीतक काही मर्यादेपर्यंतच खरे असले, तरी या शास्त्राला विश्वासार्हता मिळाली ती या वजाबाकीमुळेच.

चमक नेमकी कोणत्या पेशीची, याचे उत्तर मिळण्यासाठी कॉर्नेल विद्यापीठात 1990 मध्ये विकसित झालेली द्विफोटॉन सूक्ष्मदर्शी यावी लागली. तिच्या साहाय्याने 2004 मध्ये मेंदूच्या कापांत दिसून आले, की उद्दीपनानंतर चेतापेशींच्या शाखांमधील चमक आधी घटते आणि त्यांना आधार देणाऱ्या तारकाकृती पेशींमधील चमक नंतर वाढते.

अतिनील प्रकाश कवटी भेदू शकत नाही. योब्सिस यांनी 1977 मध्ये हाडातून पार जाणारा अवरक्त प्रकाश मेंदूसाठी वापरून दाखवला, आणि त्यातून वाढलेल्या पद्धतीत आज प्रामुख्याने मोजले जाते ते रक्तातील हीमोग्लोबिन, ज्याचा प्रभाव वजा करण्यासाठी पूर्वी त्यांनीच खटपट केली होती.