विहिरीने घेतलेला बळी

जमिनीखाली खाणकामगार आणि अंधारात त्यांच्यावर टपलेला राक्षस, ही भयपटांची जुनीच मांडणी. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (2018) तो मराठी मातीत सोन्यापाशी बसलेला दिसला. मराठवाड्यात मात्र त्याचे ठाणे पाण्यापाशी आहे. अर्धापूरच्या केळीच्या पट्ट्यात जमिनीखाली आहे तो काळा पाषाण आणि त्याच्या भेगांत साठलेले पाणी. म्हणून इथला खाणकामगार म्हणजे विहीर खोदणारा. त्याच्यासाठी पाण्याकाठी शेंदूर फासलेल्या सातीआसरा असतात, नव्या विहिरीला नारळ फुटतो, कोंबडे कापले जाते. तरीही एखादी विहीर बळी घेतेच, असे लोक म्हणत आले. माझ्या मते या समजुतीने मरणाची नोंद खरी ठेवली, गुन्हेगार मात्र खोटा दाखवला.

विहिरीत माणसे मरत होती, आणि त्याची कारणे साधी होती. वरचा माती-मुरूम बांधकामाआधीच सुटून खाली येई. न उडालेला सुरुंग पहार लागताच उडे. यारीचा दोर तुटला की दगडांनी भरलेले लोखंडी टोपले थेट तळातल्या माणसावर. बंद पडलेल्या विहिरीत कर्बवायू हवेपेक्षा जड म्हणून तळाशी साचतो. उतरलेला शुद्ध हरपून पडतो, त्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच कोसळतो. एकामागून एक माणसे ओढून घेणारी आसरा याहून वेगळी कशी दिसणार?

या भीतीने पोरेबाळे काठापासून दूर राहिली, जाणती माणसे आधी पेटता कंदील खाली सोडू लागली, मग तिला नावे का ठेवायची, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. पण कंदील हे धंद्यातल्या अनुभवाचे शहाणपण आहे, आसरांची देणगी नव्हे. शिवाय पाणी खोल गेल्यावर डिझेल इंजिन विहिरीच्या आतच टप्प्यावर बसवले जाऊ लागले, तेव्हा त्या शहाणपणाचीही मर्यादा उघडी पडली: इंजिनाच्या धुरातला विषारी वायू माणूस मारतो, कंदील मात्र जळतच राहतो. खाणींत मात्र मरणामागोमाग उपाय शोधला गेला: इंग्लंडात फेलिंगच्या कोळसाखाणीत 1812 साली 92 जण मेले आणि 1815 मध्ये डेव्हीचा सुरक्षादीप आला. भारतात 1901 पासून खाणींसाठी कायदा आहे. मरण झाले की व्यवस्थापकाला जाब विचारता येतो. ही सारी व्यवस्था खनिजासाठी उभी राहिली. पाण्यासाठी तेवढाच खडक फोडणाऱ्याच्या वाट्याला अकस्मात मृत्यूची नोंद आली. विहिरीने बळी घेतला म्हटले, की दोर कुणी तपासला, सुरुंग कुणी मोजले, इंजिन आत कुणी बसवायला लावले, हे मालकाला किंवा ठेकेदाराला विचारण्याची गरजच कुणाला वाटली नाही.