गरम गाडी, थंड डोके

आमच्या विदर्भात ‘पंप’ या शब्दाचा अर्थ ऋतूप्रमाणे बदलतो. हरभरा-गव्हाच्या दिवसांत पंप म्हणजे विहिरीवरची मोटर. आणि एकदा होळी पेटली की पंप म्हणजे कूलरचा पंप. तिसरा अर्थ वर्धेकरांना ठाऊक नाही. त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, मार्चअखेरचे हिशेब बँकेत कसेबसे जुळवून मी घरी आलो आणि “पंप गेला” असे जाहीर केले, तेव्हा सौ. थेट कूलरपाशी धावली.

“गेल्या वर्षीच तर नवा घातलाय!”

“कूलरचा नव्हे. गाडीचा.”

“गाडीला कूलर असतो?”

हा प्रश्न वाटतो तितका अडाणी नाही, हे मला पुढे कळले. त्या क्षणी मात्र मी मिस्तरीने सांगितलेले ज्ञान तिला ऐकवले. आमची गाडी मी एका बदली झालेल्या अधिकाऱ्याकडून जुनी घेतली. दिसायला साधी, पण पोटात टर्बो. अशा गाडीत पाणी फिरवणारे पंप दोन. एक मोठा, इंजिनाबरोबर फिरणारा. दुसरा मुठीएवढा, विजेवर चालणारा, कुठेतरी खाली अंधारात लपलेला. हा दुसरा आपले मुख्य काम इंजिन बंद झाल्यावर करतो.

“गाडी बंद झाल्यावर काम करतो? आणि त्याला पैसे किती?”

“नवा घातला तर मजुरीसकट अठरा हजार चारशे.”

सौ. काही बोलली नाही. बँक बंद झाल्यावर रात्री नऊपर्यंत टॅली जुळवत बसणाऱ्या नवऱ्याला त्याबद्दल एक छदामही मिळत नाही, आणि पंपाला अठरा हजार, हा विचार तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ अक्षरांत उमटला होता.

मी मिस्तरीला विचारले, “नाही बदलला तर?”

“साहेब, याले टर्बो हाये. पंप नाही टाकला तं एक दिवस टर्बो जाइन. टर्बो गेला तं तुमालेच तुमच्या बँकेतून लोन काढा लागन.”

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला कुठलाही खर्च एकदम मान्य होत नाही. आधी मागील बाकी पाहावी लागते. मी गाडी थंड ठेवण्याच्या खात्याचा आरंभ शोधू लागलो.

खाते उघडले 1886 साली. जर्मनीत कार्ल बेन्झने आपल्या तीन चाकी मोटारीचे पेटंट घेतले. त्या गाडीत ना आजच्यासारखा रेडिएटर, ना पाण्याचा पंप. इंजिनाभोवती पाणी असायचे. ते उकळायचे, वाफ होऊन उडून जायचे आणि जाताना उष्णता घेऊन जायचे. पाणी संपले की नवे ओता. वाचकहो, हे वर्णन कशाचे आहे? आमच्या कूलरचे! ताटीवरचे पाणी उडते, हवा गार होते, आणि संध्याकाळी घरातल्या सर्वांत गरीब माणसाने बादल्या वाहायच्या. सौ.च्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी होते. पहिल्या मोटारीला कूलरच होता.

दोन वर्षांनी, 1888 च्या ऑगस्टमध्ये, बेन्झची बायको बर्था नवऱ्याला न सांगता ही गाडी घेऊन दोन मुलांसह माहेरी निघाली. मॅनहाइम ते फोर्झहाइम, शंभरेक किलोमीटर. म्हणजे वर्ध्याहून नागपूरला जाऊन थोडे पुढे. वाटेत इंधन संपले तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतले, नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने साफ केली, आणि पाणी तर जिथे मिळेल तिथे घेत गेली. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास हा असा ठिकठिकाणी पाणी मागत झाला. कुणी नाही म्हटल्याचे ऐकिवात नाही.

पुढची महत्त्वाची नोंद 1900 सालची. विल्हेल्म मायबाख या इंजिनिअरने मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात 8,070 बारीक नळ्या होत्या. नळ्यांतून वारा, नळ्यांभोवती पाणी. आता पाणी उडून जाण्याची गरज राहिली नाही. तेच पाणी फिरून फिरून वापरता येऊ लागले. बँकेच्या भाषेत, खर्च होणारी रक्कम खेळते भांडवल झाली.

मग हेन्री फोर्ड आला. त्याची प्रसिद्ध मॉडेल टी 1908 साली निघाली. पहिल्या सुमारे 2,500 गाड्यांना पाण्याचा पंप होता. पुढे फोर्डने तो काढूनच टाकला! गरम पाणी आपोआप वर चढते आणि गार पाणी खाली उतरते, मग पंप कशाला पोसायचा? हा सवाल कुठल्याही हेड ऑफिसला शोभेल. एक माणूस कमी केला, काम चालूच राहिले. फक्त ओझे वाढले किंवा चढ आला की पाणी उकळायचे. म्हणून गाडीमालक बाजारातून वेगळा पंप आणून बसवू लागले. कंपनीने दिलेले पुरत नाही आणि गिऱ्हाइकाने पदरचे घालून गाडी थंड ठेवायची, ही परंपरा इतकी जुनी आहे हे वाचून माझ्या मनाला बराच गारवा मिळाला.

या इतिहासात वर्ध्याचेही एक पान आहे, आणि ते मला नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लहानपणी सांगितले होते. गांधीजी 1936 साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले; 1940 मध्ये त्याचेच सेवाग्राम झाले. वर्धा ते सेगाव वाट तेव्हा कच्ची. जमनालाल बजाज यांच्या एका जुन्या फोर्ड गाडीचे इंजिन काढून टाकण्यात आले आणि तिला चक्क बैल जुंपले गेले. लोक या वाहनाला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. बैलाला इंग्रजीत ऑक्स, आणि पुढे फोर्ड. गाडी गरम होऊ नये म्हणून जगभरच्या इंजिनिअरांनी डोकी शिणवली. पण इंजिनच काढून टाकण्याचा उपाय सुचला तो वर्ध्याला. ना रेडिएटर, ना पंप. बैलांना पाणी पाजले की झाले. पुढे याच घराण्याच्या कंपनीने 1972 साली चेतक स्कूटर काढली, तिच्यातही पाण्याचा थेंब नव्हता. पंखा इंजिनावर वारा घालायचा. पाणी टंचाईच्या मुलखातल्या माणसांनी गाडी कशी करावी, याचे हे दोन नमुने.

आता हे पान सांगणाऱ्या नानांचे पान.

नानांकडे प्रीमियर पद्मिनी होती. ही मूळची इटलीची फियाट. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीने ती मुंबईत कुर्ल्याला बनवली. आधी फियाट म्हणून, मग 1974 पासून राणी पद्मिनीच्या नावाने. नाव बदलले तरी आमच्या आळीत ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. नाना तिचे चौथे मालक. तिचा पाण्याचा पंप आणि पंखा एकाच पट्ट्यावर, डोळ्यांसमोर फिरायचे. पट्टा तुटला तर दिसायचा, पाणी गळले तर दिसायचे. डिकीत पाण्याचा डबा कायमचा. गाडीचा दोष नव्हे. चौथ्या मालकाच्या वाट्याला येईपर्यंत रबरी नळ्यांनी तीन संसार पाहिले होते, आणि वर्ध्याच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत माणूससुद्धा उकळतो.

नानांचा एक नियम होता. नागपूरहून उन्हातून आले की गाडी दारात उभी करायची, पण किल्ली फिरवायची नाही. इंजिन दोन मिनिटे तसेच सुरू ठेवायचे. आम्ही पोरे आत घामाघूम होऊन उतरायला धडपडायचो. नाना म्हणायचे, “थांबा. तिला श्वास घेऊ द्या.” मला तो निव्वळ छळ वाटे.

ती फियाट मी 2011 साली विकली. सहा वर्षे अंगणात लिंबाखाली उभी होती, चाकांतली हवा गेली होती, आणि मला स्कूटर ठेवायला जागा हवी होती. नाना आत्याकडे अमरावतीला गेले असताना भंगारवाला बोलावला. वजनावर अकरा हजार आले. माझ्या हिशेबात तिची किंमत घसारा जाऊन शून्य होती, म्हणजे अकरा हजारांचा निव्वळ नफा. नाना परतले. लिंबाखालच्या तेलाच्या डागाकडे त्यांनी पाहिले आणि म्हणाले, “बरं केलंस. जागा झाली.”

एवढेच. त्यानंतर त्यांनी फियाटचे नाव काढले नाही. फक्त माझ्या कुठल्याही गाडीत ते पुढे बसले नाहीत. मागे बसायचे, खिडकीबाहेर पाहत, भाड्याच्या गाडीत बसावे तसे.

या पार्श्वभूमीवर मी मिस्तरीला विचारले, की बंद गाडीला पंप लागतोच कशाला? तो म्हणाला, टर्बोचा पंखा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि धुराच्या आगीने लालबुंद होतो. किल्ली फिरवली की मोठा पंप थांबतो, पाणी थांबते. पण लोखंडातली आग थोडीच थांबते? उलट पाणी उभे राहिले की तिथली उष्णता आणखी चढते. बेअरिंगमधले तेल जळून कोळसा होतो. म्हणून हा छोटा पंप पुढे काही मिनिटे पाणी फिरवत राहतो.

“पयले डायवर लोक गाडी थोडी चालू ठेवत,” तो म्हणाला. “आता कोनाले वेळ हाये? म्हणून कंपनीनं पंप देल्ला.”

मी घरी येईपर्यंत गप्प होतो. नानांची दोन मिनिटे अठरा हजार चारशेला मिळत होती.

एवढे पैसे नव्हतेच. मिस्तरीच्या सल्ल्याने रविवारी नागपूरला जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. तिथे गाड्या अवयवांनुसार लावलेल्या असतात. एका भिंतीला नुसते दरवाजे, एका कोपऱ्यात डोळे काढलेले दिवे. मी आमच्या पंपावरचा नंबर कागदावर लिहून नेला होता. दुकानदाराने पोत्यात हात घालून, लॉटरीची चिठ्ठी काढावी तसा, त्याच नंबराचा पंप काढला.

“चार हजार.”

“जुना आहे.”

“साहब, गाडी एक्सिडेंट की थी। पंप का कोई कसूर नहीं था।”

दोन हजार दोनशेला सौदा झाला. मी गॅरंटी विचारली.

“है ना। दुकान से बाहर निकलते तक।”

घरी आल्यावर नानांनी पंप हातात घेतला, उलटासुलटा पाहिला. “कुणाच्या गाडीतला?”

“अपघात झालेल्या.”

“माणसं वाचली का?”

मी पंपाचा नंबर तपासला होता, नळीचे तोंड तपासले होते, किंमत पाडली होती. हे विचारले नव्हते.

नाना पंप फिरवत बसले. मग म्हणाले, “आपल्या फियाटचा रेडिएटर चांगला होता. लागला असेल कुणाच्यातरी कामी.”

इतक्या वर्षांनी तिचे नाव निघाले होते. मी काही बोलायला तोंड उघडले, तर नाना म्हणाले, “कोरडा नको फिरवूस. आधी धुऊन घे, मग कूलरच्या टाकीत बुडव.”

इन्व्हर्टरच्या बॅटरीला मी दोन तारा जोडल्या. पंप ढिम्म. दोन हजार दोनशे बुडीत खात्यात गेले, अशी मी मनात नोंदही केली. नाना वाकले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “बी.कॉम. झालास ना? जमेच्या बाजूला नावे टाकलंस.” त्यांनी लाल-काळ्या तारांची अदलाबदल केली. टाकीत गुडगुड झाली आणि बाजूच्या तोंडातून अशी धार उडाली, की सौ.चा पदर भिजला. “हा कूलरलाच का नाही लावत?” ती म्हणाली, आणि तिचे अगदीच चुकत नव्हते.

दुसऱ्या रविवारी सकाळी, इंजिन रात्रभर गार झाल्यावर, मिस्तरीने पंप बसवला. काम अर्ध्या तासाचे. नळ्यांच्या दोन क्लिपा, एक प्लग, एक रबरी पट्टा. खरा वेळ गेला नळ्यांत अडकलेली हवा काढण्यात. बुडबुडा राहिला तर पंप पाण्याऐवजी हवाच घुसळत बसतो. आमच्या बँकेच्या मीटिंगा आठवल्या. नाना खुर्ची टाकून बॅटरी धरून बसले होते. खाली सांडलेले गुलाबी कूलंट त्यांनी आधी माती टाकून झाकायला लावले. ते गोडसर असते, कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात.

दुपारी परीक्षा म्हणून सेवाग्रामला जायचे ठरले. मी दार उघडले, तर नाना पुढच्या सीटवर बसलेले. सौ. मुकाट्याने मागे बसली. भर उन्हात मुद्दाम लांबचा फेरा घेऊन आश्रमाजवळ झाडाखाली गाडी उभी केली आणि किल्ली फिरवली.

इंजिन थांबले. आतून कुठूनतरी बारीक गुणगुण ऐकू येत राहिली. नानांनी बोट वर केले. मीही हललो नाही.

“अहो, गाडी बंद झालीय ना?” मागून आवाज आला. “मग उतरत का नाही कोणी? जीव उकडतोय!”

“थांब, सूनबाई,” नाना म्हणाले. “तिला श्वास घेऊ दे.”