जुनी गाडी घरच्या घरी कशी रंगवायची? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी संपूर्ण माहिती

मारुती ८००, झेन, सँट्रो, जुनी अल्टो... आपल्या नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर भागात अशा गाड्या आजही रोज दिसतात. इंजिन ठणठणीत असतं, पण बॉनेट आणि टपाचा रंग उन्हाने पार उडालेला असतो. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. म्हणजे आज बाजारात मिळणारी सगळ्यात 'नवीन' ८०० सुद्धा दहा वर्षांपेक्षा जुनी आहे. अशा स्वस्तात घेतलेल्या गाडीला गॅरेजमध्ये फुल पेंटिंग करायचं म्हटलं तर बिल आणि गाडीची किंमत यांचा मेळच बसत नाही. मग मनात येतं, आपणच रंगवली तर?

रंगवता येते. मी माझी जुनी पांढरी हॅचबॅक शहाद्यात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फोमच्या रोलरने रंगवली आहे. शोरूमसारखी चमक आली नाही, पण चार हात लांबून गाडी छान दिसते आणि पत्रा गंजण्यापासून वाचला. या लेखात पेंट कोणता घ्यायचा, कागदपत्रांचं काय, तब्येतीला धोका कुठे आहे आणि काम कोणत्या क्रमाने करायचं, हे सगळं बघूया.

आधी तपासा: रंगाची खरंच गरज आहे का?

ओल्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड घ्या आणि बॉनेटचा वीतभर भाग घासा. फडक्याला गाडीचाच रंग लागला आणि खालून चमक वर आली, तर रंग मेलेला नाही, फक्त वरचा थर उन्हाने जळलाय. जुन्या पांढऱ्या आणि लाल गाड्यांवर बऱ्याचदा क्लिअर कोट नसतो, म्हणून असं होतं. अशा वेळी कंपाउंड आणि पॉलिशवरच काम भागतं.

पण सालपटं निघत असतील, रंगाखाली फुगे असतील किंवा पत्रा उघडा पडला असेल, तर रंगवावंच लागेल. फुगा आला म्हणजे खाली गंज आहे हे नक्की समजा.

आता एक छोटं चुंबक पातळ फडक्यात गुंडाळा आणि दारांच्या खालच्या कडेवरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे जुन्या मालकाने जाड लांबी भरलेली असते. जॅक लावायची जागा, फ्लोअर किंवा सस्पेन्शनच्या आजूबाजूला पत्रा कुजला असेल तर रंगाचा विचार बाजूला ठेवा. तिथे आधी वेल्डिंगवाल्याचं काम आहे. कुजलेल्या पत्र्यावर रंग मारून तो झाकणं म्हणजे आत बसणाऱ्याच्या जिवाशी खेळ.

आरसीवरचा रंग बघा

डिजीलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये आरसी उघडा. त्यात गाडीच्या रंगाची नोंद असते. त्याच रंगात गाडी रंगवणार असाल तर काही टेन्शन नाही. रंग बदलायचा असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लक्षात ठेवा. आरसीवरच्या तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे. म्हणून आधी आरटीओत (आपलं पासिंग एमएच-३९) विचारा, नवीन रंगाची नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. अपघात झाला किंवा गाडी विकायची वेळ आली की नोंद नसलेला रंग नक्की नडतो.

अजून तीन गोष्टी:

• ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा, खासगी गाडीला चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे.
• चेसिस नंबर घासू नका, त्यावर रंगही मारू नका. पासिंगच्या वेळी तो स्पष्ट वाचता आला पाहिजे.
• खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर ती ५-५ वर्षांसाठी वाढवावी लागते. ती तारीख जवळ असेल तर आधी नूतनीकरण होईल का ते बघा, मगच पेंटवर पैसे घाला.

कोणता पेंट घ्यायचा?

दुकानात गेलात की चार पर्याय समोर येतात.

१) स्प्रे कॅन: आरसा, बंपर, एखादं दार यासाठी मस्त. पूर्ण गाडीला मात्र १५-२० कॅन सहज लागतात आणि पॅनलगणिक शेड वेगळी दिसू शकते.

२) एनसी पेंट: कंप्रेसर आणि गनने मारायचा. थिनर उडाला की लगेच सुकतो, त्यामुळे धूळ कमी बसते. चमक पॉलिश करून आणावी लागते. पेट्रोल सांडलं तर डाग पडतो.

३) पीयू किंवा टू-के पेंट: यात हार्डनर मिसळतात. चमक आणि टिकाऊपणा सगळ्यात जास्त. गॅरेजवाले हाच वापरतात. पण घरी स्प्रे करायला हाच सगळ्यात धोक्याचा. कारण पुढे सांगतो.

४) सिंथेटिक इनॅमल: ट्रॅक्टर-ट्रॉलीला, लोखंडी गेटला मारतात तो. रोलर आणि ब्रशने मारता येतो, कंप्रेसर लागत नाही. सुकायला वेळ घेतो, काही वर्षांत फिका पडतो आणि पांढरा हळूहळू पिवळसर होतो.

पहिल्यांदाच करणाऱ्याने इनॅमल आणि रोलर निवडावं, असं माझं मत आहे. पण एक गोष्ट आधीच समजून घ्या. इनॅमलवर नंतर कधी एनसी किंवा पीयू मारायचा ठरवलं, तर त्याच्या कडक थिनरने खालचा इनॅमल सुरकुततो. म्हणजे तेव्हा सगळा रंग खरवडावा लागेल. पुढे-मागे गॅरेजमध्ये चांगलं पेंटिंग करायचा विचार असेल तर इनॅमलच्या वाटेला जाऊ नका.

गाडीवर आत्ता कोणता पेंट आहे तेही बघून घ्या. लपलेल्या जागी थिनरचा बोळा मिनिटभर धरा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर एनसी असण्याची शक्यता जास्त, सुरकुतला तर इनॅमल, आणि काहीच झालं नाही तर कंपनीचा भट्टीत पक्का केलेला किंवा पीयू पेंट.

नाक, फुप्फुस आणि आग

हा भाग सोडून पुढे जाऊ नका. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. स्प्रे करताना त्यांचे बारीक थेंब श्वासातून आत जातात आणि कायमचा दमा जडू शकतो. एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढच्या वेळी अगदी थोड्या प्रमाणातही झटका येतो. म्हणून व्यावसायिक पेंटर बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क वापरतात. घरी ही सोय नसते. म्हणून पीयू घरी स्प्रे करू नका, एवढं साधं आहे.

तोंडाला रुमाल बांधून थिनरची वाफ अडत नाही. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. इनॅमल किंवा एनसीसाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला रबरी मास्क घ्या, सोबत चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे. घासकाम शक्यतो पाणी लावूनच करा. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत शिसं असू शकतं, त्याची धूळ लहान मुलांसाठी फार वाईट.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. त्यामुळे शेडमध्ये बिडी, चूल, ग्राइंडर, वेल्डिंग काहीच नको. इनॅमलने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवला तर तो आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा. उरलेलं थिनर गटारीत किंवा नदीनाल्यात ओतू नका.

आणि हो, सामान स्वस्त मिळतं म्हणून बरेच जण सुरतेहून आणतात. पण थिनर आणि पेंट रेल्वेने आणू नका. ज्वलनशील माल डब्यात नेणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ नुसार गुन्हा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्याकडे कोणत्या दिवसांत रंगवायचं?

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. पत्रा तव्यासारखा तापतो, थिनर लगेच उडून जातं आणि रंग पसरायच्या आतच सुकतो. मग पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. पावसाळ्यात उलटं होतं. थिनर उडताना पत्रा थंड पडतो, त्यावर हवेतलं बाष्प जमतं आणि एनसी पेंट पांढुरका, धुरकट होतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पण सकाळी दव असतं, म्हणून दहा-साडेदहाच्या आधी सुरुवात करू नका आणि दुपारी तीन-चारपर्यंत थांबा. फोनमधल्या हवामान ॲपमध्ये आर्द्रता आणि दवबिंदू दोन्ही दिसतात. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर असेल तर तो दिवस सोडून द्या.

हिवाळ्याची एक अडचण मात्र आहे. याच दिवसांत नंदुरबारकडे मिरची पथारींवर वाळत असते, कापसाची वेचणी चालू असते आणि शहाद्याकडे उसाचं पाचट जाळलं की काळी राख उडते. मोकळ्या अंगणात रंगवलं तर हे सगळं ओल्या रंगावर येऊन बसतं. तीन बाजूंनी झाकलेली शेड बघा, चौथी बाजू हवेसाठी उघडी ठेवा आणि काम सुरू करण्याआधी जमिनीवर हलका सडा मारा. धूळ खालीच बसते.

काम कसं करायचं: स्टेप बाय स्टेप

१. फोटो काढा. प्रत्येक पॅनलचे, क्लिपचे, स्क्रूचे. रात्री फोनचा टॉर्च पत्र्याला चिकटवून तिरपा धरा. दिवसा न दिसणारे सगळे पोचे सावलीमुळे उठून दिसतात. त्यांना पेन्सिलने गोल करा.

२. गाडी धुवा. आधी साबणाच्या पाण्याने, मग सुकल्यावर स्वच्छ फडक्याने टर्पेंटाइन लावून पुसा. जुनं वॅक्स किंवा तेल राहिलं तर रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात.

३. गंज काढा. तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पेपर घ्या. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, खड्ड्यात उरलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर लावा. दारांच्या खाली पाणी निघायची भोकं असतात, ती मोकळी करा. गंज बहुतेक तिथूनच सुरू होतो.

४. लांबी भरा. हार्डनर डब्यावर लिहिलंय तेवढाच मिसळा. थर पातळ ठेवा. सुकली की १२० आणि मग २२० नंबरने घासा. डोळ्यांपेक्षा तळहातावर विश्वास ठेवा, उंचसखलपणा हाताला आधी कळतो.

५. संपूर्ण गाडी घासा. ३२०-४०० नंबरचा वॉटर पेपर वापरा. जुना रंग पूर्ण काढायची गरज नाही, फक्त चमक गेली पाहिजे. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० मायक्रॉनच असतात, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढे. कडेवर जोर दिला की लगेच पत्रा दिसतो.

६. मास्किंग करा. काचा, दिवे, रबर, नंबर प्लेट झाका. चांगली मास्किंग टेप घ्या. वर्तमानपत्राची शाई आणि कण उतरू शकतात, म्हणून साधा खाकी कागद वापरा.

७. प्रायमर लावा. उघड्या पत्र्यावर आणि लांबीवर इनॅमलखाली चालणारा रेड ऑक्साइड प्रायमर. सुकल्यावर ६०० नंबरने हलका हात.

८. रंग द्या. इनॅमल पातळ दुधासारखा करा आणि बारीक फोमच्या रोलरने मारा. पहिल्या कोटमधून खालचं दिसतंच, घाबरू नका. दोन कोटमध्ये एक पूर्ण दिवस जाऊ द्या. दर दोन कोटनंतर ८०० नंबरने पाणी लावून घासा. पाच-सहा पातळ कोट हे दोन जाड कोटपेक्षा कधीही चांगले. मी पाच दिले, तयारी धरून एकूण अकरा दिवस गेले. त्यातले सहा दिवस फक्त घासण्यात!

कॅन वापरत असाल तर २०-२५ सेंटीमीटर अंतर ठेवा, पॅनलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा येऊ द्या. दोन कोटमध्ये १०-१५ मिनिटांचा टायमर लावा.

९. थांबा. इनॅमल वरून एका दिवसात सुकतो, पण आतून कडक व्हायला काही आठवडे लागतात. महिनाभर वॅक्स नको, शाम्पू नको. नंतर १५०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, मग पॉलिश.

फोनवरून शेड जुळवू नका

बरेच जण गाडीचा फोटो दुकानदाराला पाठवून रंग मागवतात. फोनचा कॅमेरा उजेडानुसार पांढऱ्याचा अर्थ स्वतःच बदलतो आणि प्रत्येक स्क्रीन वेगळी दिसते. त्याऐवजी गाडीच्या प्लेटवर कलर कोड असेल तर त्याचा फोटो पाठवा. नसेल तर पेट्रोल टाकीचं झाकण काढून दुकानात घेऊन जा. त्याच्या आतल्या बाजूला ऊन कमी लागतं, मूळ रंग तिथे टिकून असतो. आणि पूर्ण गाडीला पुरेल एवढा रंग एकदाच घ्या, साध्या हॅचबॅकला बाहेरून दोन-तीन लिटर धरा. दुसऱ्यांदा आणलेल्या डब्याची शेड थोडी हलू शकते.

काय पेंटरवर सोडावं?

मेटॅलिक रंग, पीयू क्लिअर कोट आणि मोठं डेंटिंग. मेटॅलिकमधले चमकीचे कण रोलरने सारखे बसतच नाहीत, डाग दिसतात. अशा वेळी मधला मार्ग आहे: घासणं, गंज काढणं, मास्किंग ही मेहनतीची कामं घरी करा आणि फक्त स्प्रे गॅरेजमध्ये करून घ्या. वेळखाऊ काम तुम्ही केलेलं असल्याने मिस्त्रीशी दर ठरवताना तुमची बाजू भक्कम राहते. फक्त घासायला सुरुवात करण्याआधी त्यांना विचारून घ्या, कारण दुसऱ्याने केलेल्या तयारीवर रंग मारायला प्रत्येक जण तयार होत नाही.

पूर्ण गाडी एकदम अंगावर घेऊ नका. सुरुवात डिकीच्या झाकणापासून करा. सपाट पॅनल आहे, मागच्या बाजूला आहे आणि ते जमलं की बाकीच्या गाडीचा अंदाज आपोआप येतो.