दडविलेले शस्त्र

धार जिल्ह्यात राजगड गावाजवळ मोहनखेडा हे जैनांचे तीर्थ आहे. ‘अभिधान राजेंद्र’ हा सात खंडांचा प्राकृत कोश रचणारे आचार्य राजेंद्रसूरी १९०६ साली निवर्तले. त्यांची समाधी तेथेच आहे. ज्या मुलखात पवारांच्या तलवारीने मराठ्यांचे राज्य रोविले, त्याच मुलखात मुंगीलाही न दुखविण्याचे व्रत घेतलेल्या एका विद्वानाची समाधी असावी, हा योग विचार करावयास लावणारा आहे. अशा ठिकाणी शस्त्राचा विषय मनात येणे विचित्र खरे. परंतु त्याच दशकात महाराष्ट्रात एका लहानशा शस्त्राने जो इतिहास घडविला, त्यातही एक बाजू शस्त्राची व दुसरी विद्येची होती.

अंगावर दडवून न्यावयाच्या शस्त्राची परीक्षा कशी करावी? पहिली कसोटी ही की, ते दुसऱ्याच्या नजरेस पडू नये. दुसरी, ऐन वेळी त्याने दगा देऊ नये. आणि तिसरी, घाबरलेल्या हातालाही ते चालविता यावे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवछत्रपतींनी जवळ बाळगलेली वाघनखे पहिल्या कसोटीस पूर्ण उतरतात, कारण ती मिटल्या मुठीत मावतात. तथापि शत्रू मिठीत आल्याखेरीज त्यांचा उपयोग नाही. तेथे शस्त्रापेक्षा मनाचे धैर्यच अधिक लागते. २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर चालून जाताना चापेकर बंधूंनी पिस्तुलांबरोबर तलवारीही नेल्या होत्या. पण धावण्यात त्यांची अडचण होईल म्हणून त्या वाटेतच एका मोरीत ठेवाव्या लागल्या. लांब शस्त्र आणि गुप्तता यांचे जमत नाही, हेच त्यावरून दिसते.

ही अडचण दूर केली ती जॉन ब्राऊनिंग या अमेरिकन कारागिराने. त्याने योजिलेले स्वयंचलित पिस्तूल बेल्जममध्ये लिएजजवळच्या कारखान्यात तयार होऊ लागले. १९०० सालचा त्याचा नमुना सात इंचांहून किंचित आखूड व वजनाने सुमारे सव्वासहाशे ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने चोपन्न तोळ्यांच्या आसपास होता. रिव्हॉल्व्हरचे फिरते नळकांडे खिशातून फुगून दिसते. येथे सात गोळ्या मुठीच्या आतच उभ्या रचलेल्या असल्यामुळे सारे शस्त्र चपटे झाले. एक गोळी सुटताच तिच्याच धक्क्याने रिकामे काडतूस बाहेर पडे व दुसरे आपोआप नळीत येई. शिवाय दाबाची स्प्रिंग नळीच्या वर बसविल्याने नळी हाताच्या जवळ राही आणि झाडताना तोंड फारसे उसळत नसे. आजच्या लहान पिस्तुलांत नळीच्या तोंडाशी वरच्या अंगाला छिद्रे ठेवून, त्यांतून सुटणाऱ्या वायूच्या जोराने हीच उसळी दाबून धरतात. युक्ती निराळी, पण हेतू एकच. १९०४ साली हेलसिंकीत बोब्रिकोव्हवर आणि ऑक्टोबर १९०९ मध्ये हार्बिन येथे इतो हिरोबुमीवर जे पिस्तूल रोखले गेले, ते याच नमुन्याचे.

ब्राऊनिंगची पिस्तुले हिंदुस्थानात आली तीही दडूनच. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी होती. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकी असलेला चतुर्भुज अमीन फेब्रुवारी १९०९ मध्ये परत निघाला, तेव्हा विनायक सावरकरांनी त्याच्या पेटीच्या चोरतळात वीस पिस्तुले व काडतुसे घालून पाठविली. इकडे जूनमध्ये बाबाराव सावरकरांना कवितांच्या प्रकाशनाबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि नाशकातील तरुणांचा संताप कलेक्टर जॅक्सनवर एकवटला. जॅक्सनची मुंबईस बदली झाली होती. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात त्याच्या निरोपाप्रीत्यर्थ किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. तेथे अनंत कान्हेरे या तरुण विद्यार्थ्याने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचा. म्हणजे आपल्या कोकणचाच.

तिन्ही कसोट्यांस पिस्तूल उतरले. भरल्या नाट्यगृहात ते कोणाच्या नजरेस आले नाही, त्याने दगा दिला नाही, आणि कोवळ्या हातालाही ते चालविता आले. मात्र पुढचे काही ते दडवू शकले नाही. कान्हेरे जागच्या जागी पकडला गेला. अमीन माफीचा साक्षीदार झाला. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे फासावर चढले. आणि जानेवारी १९११ मध्ये सावरकरांना दुसरी जन्मठेप झाली. खिशात मावणाऱ्या वस्तूची किंमत एका पिढीला अशी मोजावी लागली.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. जॅक्सन हा परकीय सत्तेचा अधिकारी होता, तसाच संस्कृतज्ञ व लोकवाङ्मयाचा व्यासंगीही होता. त्याने जमविलेल्या सामग्रीवरून एन्थोव्हेन यांनी गुजरातेतील लोकसमजुतींचा खंड १९१४ त व कोकणचा १९१५ त सिद्ध केला. आपल्या गावदेवतांविषयी, भुताखेतांविषयी व सणावारांविषयी आज कोकणच्या अभ्यासकाला त्या खंडाकडे वळावे लागते. ज्या कोकणच्या मुलाने गोळी झाडली, त्याच कोकणच्या कहाण्या मेलेल्याच्या दप्तरात होत्या! कान्हेऱ्याचा त्याग यामुळे उणा होत नाही, आणि गुलामगिरीचा अपराध जॅक्सनच्या विद्वत्तेने धुऊन निघत नाही. दोन्ही खरे आहे, आणि इतिहासकाराला दोन्ही सांगितले पाहिजे.

शस्त्राची चौथी कसोटी कोणत्याही कारखान्यात होत नाही. समोरच्या माणसात सत्ता किती व माणूस किती, हे पिस्तुलाला कळत नाही. ते ओळखण्याचा भार ते धरणाऱ्यावर आणि मागाहून न्याय करू पाहणाऱ्या आपणांवर राहतो.